‘माझ्या अपरोक्ष’ म्हणजे नक्की कुठे?

मराठीत एक शब्द आपण सगळे सर्रास उलटा वापरतो. "माझ्या अपरोक्ष त्याने सगळ्यांना सांगून टाकलं" असं म्हणतो तेव्हा आपल्याला म्हणायचं असतं की मी तिथे नसताना, माझ्या पाठीमागे. पण त्यासाठी खरा शब्द आहे परोक्ष. अक्ष म्हणजे डोळा, किंवा एकूणच इंद्रिय, त्याच्या पलीकडे असलेलं ते परोक्ष, आणि त्याच्या आधी अ चिकटला की जे अजिबात पलीकडे नाही ते अपरोक्ष. आता ही चूक एवढी रुळलीय की बरोबर वापरणाऱ्यालाच लोक हसतील, जाऊ दे. पण अद्वैत वेदांतातली सगळ्यात गूढ समजली जाणारी गोष्ट, अपरोक्षानुभूती म्हणजे आत्म्याचा थेट अनुभव, ह्याच शब्दावर उभी आहे आणि आपण तिचंही तेच करून ठेवलंय, जे सगळ्यात जवळचं ते उचलून कुठेतरी हिमालयाच्या पाठीमागे नेऊन ठेवलंय.

हे लिहायचं कारण माझी आत्या. ती पाच दिवसांच्या एका ध्यान शिबिराला गेली होती (कुठल्या ते सांगत नाही, विचारू पण नका). चौथ्या दिवशी म्हणे हॉलमधल्या बऱ्याच जणांना काही ना काही झालं, कोणाला जांभळा प्रकाश दिसला, कोणी ढसाढसा रडलं, एका काकांना शरीर हलकं होऊन वर गेल्यासारखं वाटलं. आत्याला गुडघा दुखला. बस. घरी येऊन मला फोन, "अरे मला आत्म्याचा अनुभव आलाच नाही, माझ्यातच काहीतरी कमी असणार." तिला जे फोनवर धड सांगता आलं नाही ते इथे नीट सांगायचा प्रयत्न करतो.

आधी जाणण्याचे तीन प्रकार

तुमच्या समोर चहाचा कप आहे. तो दिसतोय, त्याचा वास येतोय, हात लावला तर चटका बसेल. हे प्रत्यक्ष. आता अंटार्क्टिका. आहे हे शंभर टक्के माहिती आहे, नकाशा बघितलाय, फोटो बघितलेत, पण गेलो नाही कधी. हे परोक्ष, म्हणजे माहिती पक्की आहे पण वस्तू लांब आहे.

आता तिसरं. तुम्हाला कोणी विचारलं "तू आहेस का?" तर तुम्ही काय करता? आरशात बघता? आधार कार्ड काढता? काहीच करत नाही, "आहे की" म्हणता. हे डोळ्याने बघून कळलेलं नाही, अंदाज बांधून कळलेलं नाही, कोणी सांगितलं म्हणूनही नाही. मधे कुठलंच साधन नाही. हे अपरोक्ष. आदि शंकराचार्य ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात अगदी सुरुवातीलाच हे सांगून टाकतात की प्रत्येकाला आपण असल्याची जाणीव असतेच, "मी नाही" असं कोणालाच वाटत नाही.

म्हणजे ज्या अनुभवासाठी आत्या पाच दिवस गुडघे आवळून बसली होती त्याचा अर्धा भाग तिच्याकडे शिबिराच्या बसमध्ये चढतानाच होता. उरलेल्या अर्ध्याचाच काय तो घोळ आहे.

रजईखालचा टॉर्च

रात्री लाइट गेली. तुम्हाला काडेपेटी शोधायची आहे आणि ती रजईखाली आहे. दोन कामं करावी लागतील, एक म्हणजे रजई उचलायची आणि दुसरं म्हणजे वर टॉर्च मारायचा, कारण काडेपेटी स्वतः काही चमकत नाही. पण समजा रजईखाली टॉर्चच पडलाय, आणि तो चालू आहे. मग? रजई उचला, संपलं. चालू टॉर्च दिसायला दुसरा टॉर्च लागत नाही.

चौदाव्या शतकात विद्यारण्यांनी पंचदशी नावाच्या ग्रंथात हेच घट आणि दिव्याचं उदाहरण देऊन सांगितलंय, रजई माझी. जगातली बाकी सगळी माहिती काडेपेटीसारखी आहे, ती कळायला मनाला तिथपर्यंत जावं लागतं आणि वर जाणिवेचा उजेड पडावा लागतो. आत्मा मात्र स्वतःच उजेड आहे, त्यामुळे मनाचं काम फक्त रजई उचलण्यापुरतं. ही रजई म्हणजे आपल्या स्वतःबद्दलची चुकीची समजूत, वेदांती भाषेत अविद्या.

एवढी एक गोष्ट कळली की निम्मे प्रश्न आपोआप गळतात. जांभळा प्रकाश दिसला ना, तो कितीही सुंदर असला तरी काडेपेटीच्याच बाजूला बसतो, कारण तो दिसला. जे दिसतं ते दृश्य. आपण शोधतोय तो ज्याला दिसलं तो.

मग आत्मा दाखवा ना एकदाचा!

ही मागणी जुनी आहे, फार जुनी. बृहदारण्यक उपनिषदात जनक राजाच्या सभेचा प्रसंग आहे, हजार गाई बक्षीस, शिंगांना सोनं बांधलेलं, आणि एकेक जण उठून याज्ञवल्क्यांना प्रश्न विचारतोय. त्यात उषस्त चाक्रायण म्हणून एक जण उठतो आणि म्हणतो, जे साक्षात अपरोक्ष ब्रह्म आहे, जो सगळ्यांच्या आतला आत्मा आहे, तो मला समजावून सांगा. याज्ञवल्क्य म्हणतात, हा तुझा आत्मा, श्वास घेतोय तो. उषस्त चिडतो. शंकराचार्यांनी ते चिडणं मस्त उलगडलंय, की गाय दाखवतो असं कबूल करायचं आणि मग "चालते ती गाय, पळतो तो घोडा" अशा नुसत्या खुणा सांगायच्या, तसं चाललंय तुमचं, सरळ बोट ठेवून दाखवा की!

मला हा उषस्त फार आवडतो, कारण मी त्याच्या जागी असतो तर हेच म्हटलं असतं. आणि याज्ञवल्क्यांचं उत्तर असं की बघणाऱ्याला तू बघू शकणार नाहीस, ऐकणाऱ्याला ऐकू शकणार नाहीस. म्हणजे ते टाळत नाहीयेत, मागणीतच चूक आहे. ज्या बोटाने सगळं दाखवायचं ते बोट स्वतःच्याच टोकावर कसं ठेवणार?

आपल्याकडे समर्थांनी दासबोधात "पाहावें आपणासि आपण, या नांव ज्ञान" असं एका ओळीत सांगितलंय, आणि त्याच्या आधीचा पूर्ण समास काय काय ज्ञान नाही याच्या यादीत घालवलाय, रत्नपरीक्षा, वैद्यकी, नाना कला, सगळं मोजून मोजून बाजूला काढलंय. तेव्हापण लोक भलत्याच गोष्टींना ज्ञान म्हणत असणार.

मी आहे हे माहितीच आहे, मग अडलं कुठे?

अडलंय ते "मी आहे" च्या पुढे आपण जे जोडतो तिथे. मी जाडा आहे, मी भुकेला आहे, मी चिडलोय, मी हुशार आहे, मी फेल गेलो. जाडेपणा शरीराचा, भूक प्राणाची, चिडणं मनाचं, हुशारी बुद्धीची, आणि हे सगळं मला कळतंय. माझं चिडणं मला कळतं, थोड्या वेळाने ते गेलेलंही कळतं. जे कळतं ते मी कसा असेन, कारण कळून घेणारा तर तेव्हाही होता आणि नंतरही आहे. ही वेगळं करून बघायची पद्धत वेदांतात दृक्-दृश्य विवेक म्हणून ओळखली जाते, बघणारा एकीकडे आणि बघितलेलं दुसरीकडे. हे वाचायला पाच मिनिटं लागतात आणि ट्रॅफिकमध्ये कोणी कट मारला की पाच सेकंदात विसरायला होतं, तो भाग वेगळा.

म्हणजे आपलं अज्ञान पूर्ण अज्ञान नाहीये. दोरी अंधारात साप वाटते तेव्हा "इथे काहीतरी आहे" हे बरोबरच असतं, "साप आहे" हे चुकीचं. तसं "मी आहे" बरोबर, पुढचं लेबल चुकीचं. आणि अद्वैताचा दावा असा की लेबलं काढत गेलं की जो उरतो त्याला हद्दच सापडत नाही, तो तुमचा वेगळा, माझा वेगळा असा मोजता येत नाही, तेच ब्रह्म. खरं सांगायचं तर ही शेवटची उडी सगळ्यात मोठी आहे, आणि ती नुसत्या तर्काने मारता येते असं परंपरा पण म्हणत नाही, त्यासाठी "तत्त्वमसि" (ते तू आहेस) सारखं उपनिषदाचं वाक्य लागतं असं म्हणते.

दहावा कुठे गेला

आता वाक्य ऐकून अनुभव कसा येईल, हा सगळ्यात मोठा आक्षेप. जिलबी शब्द ऐकून तोंड गोड होत नाही. बरोबर. पण ही गोष्ट ऐका.

दहा जण नदी ओलांडून पलीकडे गेले. पाण्याला ओढ होती म्हणून काठावर पोचल्यावर एकाने मोजलं, नऊ भरले. दुसऱ्याने मोजलं, नऊ. प्रत्येक जण स्वतःला सोडून मोजतोय. झालं, दहावा वाहून गेला म्हणून रडारड, एकाने तर डोकं आपटून घेतलं. तेवढ्यात एक वाटसरू आला, त्याच्या लक्षात आलं काय भानगड आहे ती. तो आधी म्हणाला, "अरे दहावा जिवंत आहे." थोडा धीर आला, पण दहावा दिसला नाही. हे परोक्ष ज्ञान. मग त्याने मोजणाऱ्याला पुन्हा मोजायला लावलं, नऊ झाल्यावर त्याच्याच छातीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "दहावा तू."

आता बघा, ह्या वाक्यानंतर त्या माणसाला दहाव्याचा शोध घ्यायला नदीत उतरायला लागलं का? डोळे मिटून चाळीस दिवस "मी दहावा, मी दहावा" करायला लागलं का? वाक्य ऐकलं त्याच क्षणी दहावा सापडला, कारण तो हरवलाच नव्हता. जिलबी माझ्यापासून लांब आहे म्हणून तिथे शब्द पुरत नाही. पण वस्तू मीच असेन आणि अडथळा फक्त गैरसमजाचा असेल तर शब्द पुरतो. विद्यारण्यांनी ह्याच गोष्टीवर सात पायऱ्या बसवल्यात, माहीत नसणं, "दहावा नाही" असं वाटणं, रडणं, कोणीतरी आहे म्हणून सांगणं, "तो मीच" हे कळणं, रडणं थांबणं आणि शेवटी समाधान.

मग पुस्तक वाचलं की झालं का सगळं?

झालं असतं तर हा लेख लिहिणारा आणि वाचणारा दोघंही मुक्त. इथे अद्वैतवाल्यांमध्येच दोन मोठे गट आहेत आणि त्यांचं भांडण शेकडो वर्षांचं आहे. विवरण नावाच्या परंपरेचे लोक म्हणतात की महावाक्य, म्हणजे ते "तत्त्वमसि" सारखं वाक्य, स्वतःच थेट ज्ञान देतं, दहाव्यासारखं. वाचस्पती मिश्रांच्या भामती परंपरेचं म्हणणं असं की वाक्याने परोक्ष ज्ञान होतं, मग त्याचं सतत चिंतन करून तयार झालेल्या मनाला ते अपरोक्ष होतं, गाणं शिकलेल्या कानालाच कोमल आणि शुद्ध गंधारातला फरक ऐकू यावा तसं. दोघंही शंकराचार्यांनाच मानतात.

मला वैयक्तिक भामतीवाले जास्त पटतात, पण बहुतेक ते माझ्यासारख्यांना सोयीचं आहे म्हणून. एका बाबतीत मात्र दोघांचं एकमत आहे की मनाची तयारी लागते, काय टिकणारं आणि काय जाणारं हे ओळखणं, हाव कमी होणं, मन जरा शांत असणं, आणि खरोखर सुटायची तळमळ. मग ऐकणं, त्यावर शंका काढून काढून विचार करणं आणि मग त्यातच मुरणं, म्हणजे श्रवण, मनन, निदिध्यासन. ध्यान इथे येतं, रजई घट्ट खोचलेली आहे ती सैल करायला. ध्यानाने टॉर्च पेटत नाही.

पण रमण महर्षींना तर अनुभव आला होता की

हो, आणि हा प्रश्न चांगला आहे. जुलै १८९६, मदुराईतलं काकांचं घर, सोळा वर्षांचा मुलगा, काही आजार नसताना अचानक मरणाची प्रचंड भीती वाटली. तो आडवा झाला, अंग ताठ केलं आणि स्वतःलाच विचारलं की हे शरीर मेलं तर मी मेलो का? त्यातून जे कळलं ते परत गेलं नाही. काही आठवड्यांनी घर सोडून १ सप्टेंबरला तो तिरुवण्णामलैला पोचला आणि तिथेच राहिला.

तर मग तारीख आहे ना ह्या अनुभवाला? आहे, पण ती रजई उचलल्याची तारीख. आणि महर्षी स्वतः पुढची पन्नास वर्षं लोकांना हेच सांगत राहिले की इथे नवीन काही मिळवायचं नाही, जे नव्याने मिळेल ते एक दिवस जाईल पण. हा साधा हिशोब मला कुठल्याही मोठ्या ग्रंथापेक्षा जास्त उपयोगी वाटतो. शिबिरात गुरुवारी आलेली शांतता रविवारी दादरच्या ब्रिजवर जात असेल, तर ती छान होती, तिच्याबद्दल आभार मानावेत, पण जिच्याबद्दल बोलतोय ती नव्हे.

गाढ झोपेत कुठे असतो हा आत्मा?

उठल्यावर आपण म्हणतो "काय मस्त झोप लागली, काही कळलंच नाही." अद्वैताचा मुद्दा असा की "काही कळलं नाही" हेसुद्धा कोणालातरी कळलंय म्हणून तर सकाळी आठवतंय. मन बंद होतं, साक्षी, म्हणजे नुसता बघणारा, बंद नव्हता. न्याय दर्शनवाले, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या परंपरेचे नैयायिक, लगेच अडवतात, की ही आठवण नाहीच, उठल्यावर अंग ताजं वाटलं त्यावरून बांधलेला अंदाज आहे. अद्वैतवाले त्यावर उत्तर देतात, नैयायिक त्याच्यावर देतात. मला हा वाद मिटलेला वाटत नाही. झोपेचा मुद्दा वापरताना जरा हात राखून वापरावा.

हे सगळं मेंदूचंच काम असेल तर?

भूल दिली की जाणीव जाते, डोक्याला मार बसला की स्वभाव बदलतो, हे खरं आहे आणि अद्वैताला ह्यातलं काही नाकारायला लागत नाही. विचार, आठवण, स्वभाव, "मी अमुक" ही भावना, हे सगळं वेदांतात अंतःकरणात मोडतं आणि अंतःकरण शरीरासारखंच दृश्य, जड मानलंय. ते मेंदूबरोबर बिघडलं तर आश्चर्य नाही. वाद खरा पुढे आहे, की हे सगळं ज्याला जाणवतं ती जाणीव मेंदूतून तयार होते की नाही. विज्ञान तिथे अजून शोधतंय आणि अद्वैत त्याचं उत्तर आधीच धरून चालतं. फॉरवर्डमध्ये येतं तसं "क्वांटम फिजिक्सने वेदांत सिद्ध केला" वगैरे काही झालेलं नाही, असं कोणी सांगितलं तर चहा पाजून पाठवून द्या.

ज्ञान झाल्यावर दुखणं जातं का?

नाही जात. रमण महर्षींच्या डाव्या हाताला कॅन्सरची गाठ झाली, चार वेळा ऑपरेशन झालं, १४ एप्रिल १९५० ला ते गेले. मुंबईत खेतवाडीत राहणारे निसर्गदत्त महाराज, मूळचे मारुती कांबळी, बिडीचं दुकान चालवायचे, वरच्या छोट्या माळ्यावर मराठीत बोलायचे आणि ऐकायला अर्धं जग यायचं, त्यांना घशाचा कॅन्सर झाला आणि १९८१ मध्ये ते गेले. शरीराचं जे सुरू झालंय ते चालू राहतं, ह्याला प्रारब्ध म्हणतात. पंख्याचं बटण बंद केलं तरी पाती थोडा वेळ फिरतातच.

आणि इथे मला दहाव्याच्या गोष्टीतला सगळ्यात आवडता तपशील सांगायचाय जो बहुतेक प्रवचनांत गाळतात. पंचदशीत म्हटलंय की "दहावा मीच" हे कळल्यावर त्या माणसाचं रडणं ताबडतोब थांबलं, पण डोकं आपटून घेतल्याने जी जखम झाली होती ती भरायला महिना लागला.

सगळ्यांना हे मान्य आहे का?

अजिबात नाही. रामानुजाचार्य विचारतात की एकच ब्रह्म आहे आणि ते शुद्ध ज्ञान आहे, तर अज्ञान झालं कोणाला? ब्रह्माला होऊ शकत नाही, आणि जीव तर अज्ञानानंतरचा. मध्वाचार्यांना जीव आणि ईश्वर एक म्हणणंच मान्य नाही. घरच्या घरी बघा, ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवातलं सगळ्यात मोठं प्रकरण अज्ञानखंडनाचं आहे, म्हणजे अज्ञान नावाची काही वस्तूच सिद्ध होत नाही, हे जग म्हणजे त्या चैतन्याचाच विलास आहे अशी त्यांची बाजू. त्यामुळे माउलींना सरळ शंकरमताचे म्हणावं की नाही ह्यावर आपल्याकडचे अभ्यासक अजून भांडतात. माझ्या रजईच्या उदाहरणाला त्यांनी पहिला धक्का दिला असता, की टॉर्च चालू असताना रजईखाली अंधार होताच कुठे?

हे सगळं आत्याला रविवारी घरी जाऊन सांगितलं, दहाव्याची गोष्ट तिला पाठच होती, जखमेचं मात्र माहीत नव्हतं. शेवटी तिने विचारलं, "म्हणजे त्या लोकांना दिसलं ते सगळं दृश्य?"

"हो."

"आणि मला काहीच दिसलं नाही, म्हणजे मीच पास झाले की!"

"असं पण नाही गं आत्या," म्हटलं, "तुला गुडघा दुखलेला कळला ना?"